अवकाशातून सूर्यग्रहण पाहताना नेमकं बघायचं काय?

प्रश्न दुहेरी आहे. अवकाशातून सूर्यग्रहण कसं दिसतं, आणि ते पाहणाऱ्याला आपण फार लहान आहोत असं का वाटतं? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून आधी भूमिती.

"वर हवा नाही, ढग नाहीत, म्हणजे ग्रहण जमिनीपेक्षा जास्त भव्य दिसत असणार" असं बहुतेकांना वाटतं. सहसा तसं होत नाही. खग्रास सूर्यग्रहणाची जी जादू आपण ऐकलेली असते, ती बरीचशी हवेमुळे घडते: क्षितिजावर चहूबाजूंनी पसरलेली संध्याकाळ, उतरणारं तापमान, पडलेला वारा, काळंनिळं होत गेलेलं आकाश. अवकाश स्थानकाच्या खिडकीबाहेरचं आकाश एरवीही काळंच असतं, त्यामुळे ते 'काळं होण्याचा' क्षण तिथे येतच नाही. वर मिळते ती वेगळी गोष्ट. जमिनीवरून आपण झाकलेला सूर्य पाहतो, कारण आपण सावलीच्या आत उभे असतो. कक्षेतून सावली पाहता येते, कारण आपण तिच्या बाहेर असतो. ही दोन दृश्यं एकाच ग्रहणाची असली तरी त्यांची तयारी, कॅमेरा, वेळ, सगळं वेगळं लागतं. ती एकात मिसळली की गोंधळ होतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हा फरक थेट खिडक्यांतच आहे. क्युपोला हा सात खिडक्यांचा घुमट पृथ्वीकडे तोंड करून आहे. ग्रहण भर दुपारच्या भागात चालू असेल तर सूर्य स्थानकाच्या डोक्यावर असतो आणि क्युपोला पायाखाली. म्हणजे तिथून सावली उत्तम दिसेल, सूर्य अजिबात नाही. सूर्य दिसायला तो क्षितिजाजवळ तरी हवा किंवा योग्य बाजूची दुसरी खिडकी तरी हवी. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणात मॅथ्यू डॉमिनिक आणि जीनेट एप्स या अंतराळवीरांनी क्युपोलातून पाहिली ती सावलीच. स्थानक तेव्हा आग्नेय कॅनडावर सुमारे ४२० किलोमीटर उंचीवर होतं.

आता सावली. चंद्राच्या सावलीचे दोन भाग. मधली प्रच्छाया, जिथे सूर्य पूर्ण झाकलेला असतो. ती जमिनीवर साधारण १०० ते २०० किलोमीटर रुंद असते आणि अगदी अनुकूल परिस्थितीत २७० च्या आसपास जाते. तिच्याभोवती उपच्छाया, व्यास सुमारे ७,००० किलोमीटर. प्रच्छायेला रेखीव कड असते आणि वरून काळाकुट्ट गोल दिसतो, अशी चित्रं आपण पुस्तकांत पाहतो. खरं दृश्य तसं नसतं. आजूबाजूच्या उजळ हवेतून विखुरलेला प्रकाश सावलीत शिरतो, म्हणून मध्यभागही पुरता काळा होत नाही, गडद राखाडी-तपकिरी राहतो. शिवाय डोळ्याला प्रकाशातला फरक पटींमध्ये जाणवतो. सूर्य अर्धा झाकला तरी खाली फारसं काही झालेलं वाटत नाही. तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त झाकला गेल्यावर जमीन मळकट दिसू लागते, आणि शेवटच्या काही टक्क्यांत ती झपाट्याने अंधारते. त्यामुळे डोळ्यांना जो डाग दिसतो, तो प्रच्छायेपेक्षा बराच मोठा आणि उपच्छायेपेक्षा बराच लहान असतो. त्याची कड बोटाने दाखवता येत नाही. डागाभोवतीची किंचित तांबूस झाक मात्र खरी असते: सूर्यबिंबाची कड मध्यापेक्षा मंद आणि लालसर असते, आणि मोठ्या खंडग्रासात प्रकाश उरतो तो त्या कडेचाच.

कक्षेच्या उंचीमुळे एक मजेशीर अडचण होते. ४२० किलोमीटरवरून क्षितिज साधारण २,३५० किलोमीटर दूर असतं. उपच्छायेची त्रिज्या ३,५०० किलोमीटर. म्हणजे स्थानक सावलीच्या मध्याजवळ असेल, तर दिसणारी सगळीच पृथ्वी कमीअधिक अंधारलेली असते आणि तुलनेसाठी पूर्ण उजळलेला भाग नजरेच्या टप्प्यातच नसतो. सावलीचा सर्वांत स्पष्ट आकार काही शेकडो ते हजारभर किलोमीटर बाजूने दिसतो. तिथून २०० किलोमीटरचा पट्टा १०–१२ अंश रुंद दिसतो, तिरप्या नजरेमुळे चपटा, लंबगोल. 'अगदी वरून' पाहणं म्हणजे सर्वोत्तम जागा, हा समज इथे फसवा ठरतो.

जमीन काय आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. मोकळा समुद्र वरून आधीच गडद असतो. ढगाविना समुद्रावर सावली पडली तर ती जवळजवळ हरवते. वाळवंट, हिमाच्छादित प्रदेश किंवा ढगांची सलग चादर असली तर ती ठसठशीत उमटते. पृथ्वीवरच्या निरीक्षकाचा शत्रू असलेला ढग वरच्या निरीक्षकाचा पडदा होतो.

स्थानक स्वतः प्रच्छायेत शिरण्याची संधी किती? प्रच्छायेचा मार्ग पृथ्वीवर तीनेक तास चालू असतो, स्थानक ९३ मिनिटांच्या आत एक फेरी मारतं, म्हणजे एका ग्रहणात दिवसाच्या बाजूवरून दोन-तीन फेऱ्या होतात. खंडग्रास बहुतेक वेळा पदरात पडतो. खग्रास मिळायला मात्र सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्थानकाने सेकंदाला सुमारे एक किलोमीटर सरकणारा, शे-दोनशे किलोमीटर रुंदीचा स्तंभ नेमका गाठायला हवा. गाठला तरी तो पार करायला अर्धं मिनिट पुरतं. जमिनीवर एखाद्या ठिकाणी खग्रास स्थिती तत्त्वतः साडेसात मिनिटांपर्यंत टिकू शकते. सावलीच्या दिशेनेच उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाने ३० जून १९७३ रोजी ती ७४ मिनिटं ताणली होती. म्हणजे वेग मदतीला येतो तो सावलीशी जुळला तरच, आणि कक्षेचा वेग तिच्याशी जुळत नाही. याला अपवाद दिवस-रात्रीच्या सीमेजवळचा. तिथे स्थानक जवळजवळ सूर्याच्या रेषेतच पुढे किंवा मागे जात असतं, सावलीच्या स्तंभाला आडवं जाण्याचा वेग घटतो, आणि खग्रास काळ काही पटींनी लांबू शकतो. असा योग जुळणं मात्र आणखी दुर्मीळ.

माणसाने कक्षेतून खग्रास ग्रहणाची छायाचित्रं पहिल्यांदा घेतली ती १२ नोव्हेंबर १९६६ रोजी, जेमिनी १२ यानातून जिम लॉव्हेल आणि बझ ऑल्ड्रिन यांनी. अजीना या जोडयानाच्या मुख्य इंजिनाबद्दल शंका आल्याने उंच कक्षेत जाण्याचा बेत रद्द झाला होता. मग लहान इंजिन-प्रज्वलनं करून वेळ जुळवण्यात आली आणि दक्षिण अमेरिकेवर यान सावलीतून गेलं. हाती आले ते काही सेकंदच. ग्रहण गाठण्यासाठी कक्षेचं वेळापत्रक जुळवणं ही उधळपट्टी वाटेल, पण अचूकतेची ती मोठी परीक्षा होती.

अचूकता हा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो, कारण हौशी गणितं बहुतेक इथेच फसतात. कक्षेतल्या निरीक्षकासाठी ग्रहण काढायचं तर पद्धत सरळ आहे. त्या क्षणीचं यानाचं पृथ्वीकेंद्रापासूनचं स्थान घ्यायचं. त्याच क्षणीची सूर्य आणि चंद्र यांची स्थानं घ्यायची. दोन्हींतून यानाचं स्थान वजा करायचं, म्हणजे यानावरून दिसणाऱ्या दिशा आणि अंतरं मिळतात. प्रत्येकाची कोनीय त्रिज्या म्हणजे त्रिज्या भागिले अंतर यांचा व्यस्त-साइन. चंद्रासाठी त्रिज्या १,७३७ किलोमीटर, सूर्यासाठी सुमारे ६,९६,००० किलोमीटर. दोन दिशांमधला कोन या त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा लहान झाला की स्पर्श. चंद्राची त्रिज्या मोठी असून कोन त्यांच्या वजाबाकीपेक्षा लहान झाला की संमीलन, म्हणजे खग्रास स्थितीची सुरुवात. शेवटी पृथ्वीच मध्ये येत नाही ना, हे तपासायचं. ही पायरी विसरणारे रात्रीच्या बाजूवरही ग्रहण 'काढतात'.

चुका ठरावीक असतात. पहिली, चंद्राची दिशा पृथ्वीकेंद्रावरून घेऊन तीच यानासाठी वापरणं. चंद्राचं लंबन (पाहण्याची जागा बदलल्याने दिशेत पडणारा फरक) सुमारे ५७ कला आहे, म्हणजे जवळपास एक अंश, सूर्यबिंबाच्या दुपटीइतकं. एवढ्या चुकीत खग्रास सोडाच, आख्खं ग्रहणच नाहीसं होतं. दुसरी, वेळेची. ग्रहगणिताच्या सारण्या पार्थिव कालमानात असतात आणि आपली घड्याळं समन्वित वैश्विक वेळेत. २०१७ पासून दोहोंत ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे. तेवढ्या वेळात स्थानक ५३० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. तिसरी चूक सर्वांत कपटी: आठवडाभर जुने कक्षाघटक, म्हणजे यानाची कक्षा सांगणारे आकडे. वरच्या विरळ हवेचा रोध सूर्याच्या क्रियाशीलतेनुसार बदलतो, त्यामुळे स्थानक ठरल्यापेक्षा काही सेकंद लवकर किंवा उशिरा पोहोचतं. दहा सेकंद म्हणजे ७७ किलोमीटर, म्हणजे प्रच्छायेच्या आत किंवा बाहेर. २४ तासांच्या आतले कक्षाघटक वापरावेत, आणि त्या काळात कक्षा उंचावण्यासाठी इंजिन चालवणार असतील तर त्याआधीचं गणित सरळ फेकून द्यावं.

प्रत्यक्ष चित्रीकरणात सावली टिपताना कॅमेऱ्याचं प्रकाश-मापन हातात ठेवावं. स्वयंचलित मापन सावली पाहून चित्र उजळवतं आणि जे दाखवायचं तेच पुसून टाकतं. ग्रहणाच्या आधीच्या फेरीत उजळ ढगांवर उघडीप (एक्स्पोजर) ठरवायची आणि पूर्ण फेरीभर तीच ठेवायची. चित्रं गडद आली तर तोच खरा पुरावा आहे. भिंग रुंद घ्यावं, २४ ते ५० मिलिमीटर. लांब भिंगात सावलीची कड मावत नाही आणि मग फक्त अंधुक जमीन दिसते. खिडकीचे काचेचे थर एकाहून अधिक असतात, आतल्या दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, म्हणून दिवे मालवून कॅमेऱ्याभोवती काळं कापड लावावं. सूर्य चौकटीत असेल तर काचांच्या थरांतून त्याची भुतासारखी उपप्रतिमा उमटते, आणि ती प्रभामंडल (कोरोना, सूर्याभोवतीचं विरळ तेजोवलय) समजली जाण्याचा धोका असतो. यावर सोपी कसोटी: कॅमेरा किंचित फिरवा. प्रभामंडल सूर्याला चिकटून राहील, उपप्रतिमा उलट दिशेला सरकेल. कक्षेतल्या वैश्विक किरणांमुळे कॅमेऱ्याच्या संवेदकावर कायमचे उजळ ठिपके तयार होतात. झाकण लावून तितक्याच उघडिपीची काही चित्रं घेऊन ठेवली की नंतर ते वजा करता येतात.

सूर्याकडेच पाहायचं असेल तर डोळ्यांचा नियम जमिनीवरचाच, फक्त चूक जास्त महाग पडते. हवेचं आवरण नसल्याने दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा येते आणि अतिनील भागही हवेने गाळलेला नसतो. आयएसओ १२३१२-२ या (सूर्य पाहण्याच्या साधनांसाठीच्या) मानकाचा गाळक, म्हणजे फिल्टर, खंडग्रासाच्या पूर्ण काळात लागतो. कॅमेऱ्याचा गाळक भिंगाच्या पुढे हवा, आणि वजनरहित अवस्थेत तो चिकटपट्टीने पक्का बांधलेला हवा. शिरस्त्राणाची सोनेरी काच सूर्याकडे टक लावून पाहण्यासाठी नसते. वर खग्रास स्थिती अर्ध्या मिनिटाची असते आणि बेलीचे मणी, हिऱ्याची अंगठी वगैरे चंद्राच्या कडेवर क्षणभर चमकणाऱ्या प्रकाशाचे प्रकार जमिनीच्या तुलनेत कैक पट वेगाने घडून जातात. गाळक काढून पुन्हा लावण्याचा खेळ माणसाच्या हाताला झेपणारा नाही. तिथे उघडीप आपोआप पायऱ्यापायऱ्यांनी बदलणारा कॅमेरा ठेवावा आणि स्वतः खाली पृथ्वीकडे पाहावं, हे माझं ठाम मत.

इथे एक रास्त शंका येते. अवकाशात आकाश काळंच असतं, तर सूर्याचं प्रभामंडल तिथून रोजच का दिसत नाही? कारण प्रभामंडलाचा आतला भागसुद्धा सूर्याच्या दीप्तिगोलाच्या, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या झगझगीत बिंबाच्या, दशलक्षांश तेजाचा असतो, आणि बाहेरचा त्याहून कितीतरी फिका. हवा नसली तरी डोळ्याच्या बुबुळात, भिंगात, खिडकीच्या काचेत प्रकाश विखुरतोच. सूर्य झाकल्याशिवाय गत्यंतर नाही. स्थानकावर दर फेरीला पृथ्वी हे काम करते: सूर्योदयाला बिंब पूर्ण वर यायला आठ सेकंद लागतात, आणि त्याच्या अगदी आधी पृथ्वीच्या कडेवर प्रभामंडलाचा उजेड डोकावतो. पण तिथे वातावरणाची उजळ पट्टी त्यात मिसळते. चंद्राला वातावरण जवळपास नाही, म्हणून चंद्रकक्षेतून हा प्रकार स्वच्छ दिसतो. अपोलो १७ च्या जीन सर्नन यांनी सूर्योदयापूर्वीच्या प्रकाशाची रेखाटनं केली होती.

कृत्रिम ग्रहण हा पुढचा टप्पा. बर्नार्ड लिओ यांनी १९३० च्या सुमारास दुर्बिणीच्या आत चकती बसवून कोरोनाग्राफ तयार केला. उपाय साधा वाटतो, पण चकतीच्या कडेवरून प्रकाश वळतो, आणि चकती भिंगाच्या जितकी जवळ तितका हा उपद्रव मोठा. चंद्र पावणेचार लाख किलोमीटर दूर असल्याने नैसर्गिक ग्रहणात तो जवळपास जाणवत नाही. म्हणून चकती दूर नेण्याचे प्रयत्न झाले. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो यान सोव्हिएत सोयूझ यानापासून मागे सरकलं आणि त्याने सोयूझमधल्यांसाठी सूर्य झाकला. तीच कल्पना आता काटेकोर रूपात प्रोबा-३ मध्ये आहे: ५ डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५९ ने श्रीहरिकोट्याहून सोडलेली युरोपीय अवकाश संस्थेची दोन यानं, एकमेकांपासून सुमारे १५० मीटरवर, मिलिमीटरच्या अचूकतेने. एका यानावर १.४ मीटरची चकती, आणि तिची जेमतेम आठ सेंटिमीटर रुंदीची सावली दुसऱ्या यानावरच्या दुर्बिणीच्या तोंडावर धरून ठेवायची. साडेएकोणीस तासांच्या लांबट कक्षेत, पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या भागात, हे ग्रहण एका वेळी सहा तासांपर्यंत चालवता येतं. जमिनीवरची दोन-चार मिनिटं आणि हे सहा तास यांतला फरक संशोधकालाच कळेल: प्रभामंडलातले बदल घडताना पाहायला सलग वेळ लागतो.

भारताच्या आदित्य-एल१ ला ८ एप्रिल २०२४ चं ग्रहण दिसलं नाही, हे ऐकून बरेच जण गोंधळतात. ते यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर आहे. चंद्र पृथ्वीभोवती पावणेचार लाख किलोमीटरवर फिरतो. म्हणजे चंद्र कायम यानाच्या पाठीमागे. तिथे सूर्यग्रहण कधीच होत नाही. म्हणून ते आपली चकती बरोबर घेऊन गेलं आहे.

हा जागेचा मुद्दा नीट समजून घ्यावा. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट दूर, म्हणून दोघांची बिंबं सारखी दिसतात. हे आपण योगायोग म्हणून ऐकतो. पण तो योगायोग पृथ्वीच्या आसपासच्या जागेचा आहे. ४ जानेवारी २०११ रोजी पृथ्वीवर कुठूनही खंडग्रासापेक्षा जास्त काही दिसलं नाही, आणि सुमारे ६८० किलोमीटरवरच्या हिनोदे या सूर्यवेधी यानाला त्याच दिवशी कंकणाकृती ग्रहण दिसलं. २५ फेब्रुवारी २००७ रोजी स्टिरिओ-बी हे सूर्यवेधी यान चंद्रापासून इतकं दूर होतं की सूर्यासमोरून जाणारा चंद्र आपल्याला दिसतो त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, ठिपक्यासारखा होता. पृथ्वीभोवती फिरत सूर्य पाहणाऱ्या एसडीओ यानाला वर्षातून दोनदा, सुमारे तीन-तीन आठवडे, रोज पृथ्वीच सूर्य झाकते. तिची कड वातावरणामुळे धूसर असते, चंद्राची मात्र सुरीच्या पात्यासारखी; एका दृष्टिक्षेपात कोण आडवं आलंय ते कळतं. चंद्रावर उभं राहिलं तर आपलं चंद्रग्रहण हेच तिथलं सूर्यग्रहण. पृथ्वीचं बिंब सूर्याच्या साडेतीन पटींहून मोठं, त्यामुळे प्रभामंडलाचा आतला भाग झाकला जातो आणि पृथ्वीभोवती लाल कडं उरतं, सगळ्या सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा एकत्र उजेड. चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर ३ यानाने हे एप्रिल १९६७ मध्ये टिपलं. अपोलो १२ च्या तिघांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये परतीच्या वाटेवर पृथ्वीआड गेलेला सूर्य डोळ्यांनी पाहिला, आणि अंधाऱ्या पृथ्वीवर लुकलुकणाऱ्या विजाही. चंद्राजवळच्या यानांना मात्र हा काळ कसोटीचा. सौरपट्ट्यांना ऊर्जा नाही, तापमान घसरतं, उपकरणं बंद ठेवून बॅटरी पुरवावी लागते.

आता आपण लहान आहोत या भावनेकडे. मानसशास्त्रात विस्मयाची जी मांडणी डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ मध्ये केली, तिच्यात दोन घटक आहेत: समोरची गोष्ट प्रचंड असणं, आणि तिला सामावून घ्यायला आपल्या डोक्यातली मांडणी बदलावी लागणं. दुसरा घटक महत्त्वाचा. नुसता आकार मोठा म्हणून माणूस नमत नाही. २०१७ च्या ग्रहणावेळी ट्विटरवरच्या लाखो लोकांच्या लिखाणाची तुलना झाली, तेव्हा खग्रास पट्ट्यातल्यांच्या भाषेत विस्मय जास्त आढळला, आणि त्याबरोबर 'मी' कमी होऊन 'आम्ही' वाढलेलं दिसलं. कक्षेतून पृथ्वी पाहून दृष्टी बदलते, या अनुभवाला फ्रँक व्हाइट यांनी १९८७ मध्ये 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट' हे नाव दिलं. पण ग्रहणात त्यापलीकडचं काहीतरी आहे असं मला वाटतं.

खाली सावली पडलेली असते, तिच्या आत लाखो माणसं मान वर करून उभी असतात, आणि त्यांच्यासाठी दिवसाचा अंधार झालेला असतो. वरून तो अंधार पृथ्वीच्या बिंबाच्या चार हजारांश भागाएवढा डाग असतो. त्याच्या बाजूला, क्षितिजापर्यंत, नेहमीची दुपार चालू असते. आत उभं असताना 'जग थांबलं' वाटतं. वरून जग थांबलेलं दिसत नाही. दोन्ही अनुभव खरे, फरक फक्त उभं राहण्याच्या जागेचा, आणि आपली मांडणी इथे मोडते. ती मोडायला वेळ लागतो, म्हणून अर्ध्या मिनिटाचं खग्रास मिळवण्यासाठी धडपडणाऱ्यापेक्षा, सावली क्षितिजावरून येऊन जाईपर्यंतची काही मिनिटं कॅमेरा चिमट्यात अडकवून रिकाम्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या पदरात जास्त पडतं. हा भाव हुकमी येत नाही, आणि कामाच्या यादीत अडकलेल्या माणसाला तो आलाच नाही तर त्यात कमीपणा नाही.

कक्षेत न जाता हे पाहायचं असेल तर उपग्रहचित्रं पुरेशी आहेत. अमेरिकेचे गोज आणि जपानचे हिमावारी हे भूस्थिर (पृथ्वीवरच्या एकाच जागेवर स्थिर दिसणारे) उपग्रह दर दहा मिनिटांनी पूर्ण बिंबाचं चित्र घेतात. दृश्य प्रकाशाची वाहिनी निवडा, अवरक्त नको; त्यात सावली दिसत नाही. दहा मिनिटांत सावली चारशे-सहाशे किलोमीटर पुढे जाते, म्हणून ती चित्रमालिकेत उड्या मारत जाताना दिसेल, त्यात बिघाड काही नाही. अमेरिकेच्या डिस्कव्हर यानाच्या एपिक कॅमेऱ्याची चित्रं १५ लाख किलोमीटरवरची, सदैव उजळ बाजूची. त्यात प्रच्छाया वीस-पंचवीस पिक्सेलची असते. त्यांत लाल, हिरवा, निळा अशी वेगवेगळी चित्रं एकामागोमाग घेतलेली असतात, तेवढ्यात दृश्य थोडं सरकतं, म्हणून हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला रंगीत झालर आली तर ती निसर्गाची समजू नये. उजेड आपोआप सारखा करणारी प्रक्रिया लावलेली चित्रं टाळा. सूर्याच्या उंचीनुसार दुरुस्ती करणाऱ्या प्रणालीला ग्रहण माहीत नसतं आणि ती सावलीला कमी ढग समजते. याच कारणाने ग्रहणकाळातले ढग बराच काळ नीट मोजता आले नव्हते. ही त्रुटी दुरुस्त करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सूर्य जेमतेम १५ टक्के झाकला गेल्यावरच जमिनीवरचे उथळ कापूसढग विरू लागतात, कारण तापलेली जमीन निवते आणि वर जाणारे हवेचे प्रवाह मंदावतात. समुद्रावर हे घडत नाही.

२ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण या दृष्टीने सोयीचं: ते जिब्राल्टरपासून उत्तर आफ्रिकेवरून अरबस्तानाकडे जातं. लक्सरजवळ खग्रास काळ ६ मिनिटं २३ सेकंद, मध्य साधारण १०:०७ वैश्विक वेळेला, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी ३:३७ ला. बहुतेक वाट उजळ वाळवंटावरून आणि शून्य रेखांशावरच्या मेटिओसॅट या युरोपीय हवामान उपग्रहाच्या समोरून. ९ ते ११ या वैश्विक वेळेतली चित्रं उतरवून घ्या, आदल्या दिवशीची त्याच वेळेची चित्रं शेजारी ठेवा आणि एकातून दुसरं वजा करा. ढग सोडले तर उरेल ती सावली, उपच्छायेसकट, आणि तिचा खरा आकार तेव्हाच दिसतो.